ती प्लिमथ ‘मूळ रूपात’ नाही, तिचं टप मी उतरवलंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण कोल्हापुरातल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाची बातमी फोटोसकट छापली. फोटोत सगळ्यांत पुढं १९५० सालची काळी प्लिमथ आहे आणि खाली ओळ आहे, ‘कारखान्यातून बाहेर पडली तशी, शंभर टक्के मूळ रूपात’. हे वाचलं आणि बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. ती गाडी मूळ रूपात नाही. तिचं टप, म्हणजे छप्पर, पुढून तीन आणि मागून साडेचार इंच खाली घेतलेलं आहे. मी हे छातीठोक सांगतो, कारण ते मीच घेतलंय. १९८४ चा उन्हाळा, उद्यमनगरातली पत्र्याची शेड.

फोटोवरून माणूस फसू शकतो. म्हणून त्याच दिवशी दुपारी नातवाच्या गाडीवर मागं बसून प्रदर्शनाला गेलो. गाडीभोवती दोरी होती. दोरीजवळच्या पोरानं ‘आजोबा, लांबनं बघा’ म्हणून अडवलं. त्याला म्हटलं, बाळा, मला फक्त डाव्या बाजूच्या मागल्या दारावरची पन्हळ बघायची आहे. पावसाचं पाणी दारात गळू नये म्हणून टपाच्या कडेनं जी बारीक पन्हळ असते, तिच्यावर त्या ठिकाणी माझ्या हातून गॅसची ज्योत जरा जास्त रेंगाळली होती. पन्हळ गव्हाच्या दाण्याएवढी आत वळली. ती सरळ करायला मी अख्खा दिवस घातला आणि शेवटी नाद सोडला. पोरानं काय विचार केला कोण जाणे, दोरी वर धरली. बोट फिरवलं. दाणा जागेवर होता.

पत्रेवाल्याच्या खिशात लोहचुंबक असतो, तंबाखूवाल्याच्या खिशात चुन्याची डबी असते तसा. काम सोडून अकरा वर्षं झाली तरी माझा खिसा सुटलेला नाही. चुंबक रुमालात गुंडाळून दारावर टेकवला, चिकटला. मागच्या खांबावर टेकवला, घसरून खाली आला. म्हणजे तिथं जोडावर थापलेलं माझं शिसं अजून आहे. दाराखालच्या पट्टीवर टेकवला, तिथंही घसरला. पण टिचकी मारल्यावर आवाज वेगळा आला, पुठ्ठ्यासारखा बद्द. तिथं नंतर कुणीतरी अंगठाभर लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली आहे. ते काम माझं नाही, एवढं इथंच नोंदवून ठेवतो.

तर पहिली मागणी सरळ आहे, बातमीत दुरुस्ती छापावी. पण तेवढंच लिहून थांबलो तर निम्मे लोक म्हणतील म्हातारा नाव मिळवायला निघालाय आणि निम्मे म्हणतील ह्यानं चांगली गाडी वाटोळी केली होती. दोन्ही खरं नाही. दुसरं थोडंसं खरं आहे. ते पुढं येईल.

गाडीचं टप कापायचा नाद मूळचा अमेरिकेतला, त्यातही कॅलिफोर्नियातला. तिथं कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात जुन्या फोर्ड पळवायची रीत महायुद्धाच्या आधीपासून होती. टप खाली घेतलं की वाऱ्याला अडवणारं अंग कमी होतं, म्हणून शर्यतवाल्यांनी करवत हातात घेतली. युद्ध संपल्यावर पोरं घरी आली, कुणाला वेल्डिंग येत होतं, कुणाला विमानाचा पत्रा ठोकता येत होता, आणि जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या. शर्यत राहिली बाजूला, नुसती देखणी दिसावी म्हणून कापाकापी सुरू झाली. लॉस एंजेलिसजवळ लिनवूडला जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचं वर्कशॉप होतं. जॉर्ज बोलका, गिऱ्हाइकं आणि छापखाने सांभाळणारा, आणि पत्र्यावरचा हात सॅमचा. आमच्या उद्यमनगरातही दर तिसऱ्या शेडमध्ये अशी भावांची जोडी सापडायची, त्यामुळं मला ही गोष्ट कधी परकी वाटली नाही.

या बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाटा नावाच्या तरुणाची १९५१ ची मर्क्युरी घेतली. टप उतरवलं, दारामागचा खांब काढून टाकला, बाजूला ब्यूकची पट्टी आणि मागं लिंकनचे दिवे बसवले, वर फिकट हिरवा रंग. पुढं काही वर्षांनी तीच गाडी जिम मॅकनील नावाच्या शाळकरी पोरानं पाचशे डॉलरला घेतली आणि जन्मभर सांभाळली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत ती गेली. २०२२ च्या लिलावात तिला वीस लाख डॉलरच्या वर किंमत आली. कापलेली, जोडलेली, दुसऱ्या गाड्यांचे अवयव लावलेली ही गाडी. तिला कुणी ‘मूळ रूपात’ म्हणत नाही. म्हणायची गरजच पडली नाही, कारण तिचं नाव झालं ते कापण्यामुळंच.

त्या लोकांनी प्रत्येक कापण्याला वेगळं नाव दिलंय. टप उतरवलं की चॉप. बॉडीच्या मधूनच आडवी पट्टी काढून ती ठेंगणी केली की सेक्शन. तळ कापून अख्खी बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आणखी खाली बसवली की चॅनल. हेडलाइट मडगार्डात खोल नेऊन त्याची कडा पत्र्यात एकजीव केली की फ्रेंच. ही नावं मला १९८४ पर्यंत माहीत नव्हती. शिकवली ती गिऱ्हाइकानं.

गिऱ्हाईक म्हणजे इकडच्याच एका बागायतदार घरातला नातू. इंजिनिअरिंगला कॅलिफोर्नियात दोन वर्षं काढून आला होता. येताना बॅगभर मासिकं आणली. घरी आजोबांची प्लिमथ उभी होती, मुंबईहून आणलेली. तेव्हा कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात प्लिमथ, डॉज, डिसोटो जोडल्या जायच्या, त्यांतली ही. सहा सिलिंडरचं इंजिन, ९७ घोड्यांची ताकद, गिअर स्टिअरिंगजवळ. पोरगा आला, डांबराच्या रिकाम्या पिंपावर बसला आणि म्हणाला,

“मेस्त्री, ह्याचं टप खाली घ्यायचं.”

“का? आंब्याला लागालंय व्हय?”

हसला. मासिक उघडून मांडीवर ठेवलं. मी चित्रं बघत बसलो, तो इंग्रजी वाचून मराठीत सांगत बसला. तीन संध्याकाळी असंच चाललं. चौथ्या दिवशी मी हो म्हटलं. मला पैशाची गरज होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. आमचं सगळं आयुष्य ट्रकची केबिन सरळ करण्यात आणि वडापच्या जीपचे चेपलेले मडगार्ड उठवण्यात चाललेलं. मोडलेलं होतं तसं करायचं, एवढंच आमचं काम. न मोडलेल्या गाडीला हात लावून तिला दुसरं रूप द्यायचं, असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघाली की गर्दीत मी गाडीच्या अंगावरची रेघ बघत उभा राहणारा माणूस. मला कुणीतरी रेघ ओढायला दिली होती.

आता टप कापायचं म्हणजे वरचं झाकण काढून बुटकं करून परत लावायचं, असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. नशीब, आधी कागदावर करून बघितलं. गाडीची बाजूची आकृती मोठ्या कागदावर काढली, कात्रीनं खांबांतून तीन इंचांची पट्टी काढून टाकली आणि टप खाली सरकवलं. बसेना! खांब ताठ उभे नसतात, वर जाताना आत कलतात. टप खाली आलं की ते आखूड पडतं, पुढंही जुळत नाही, मागंही जुळत नाही. अमेरिकेत काही जण टप मधून आडवं कापून त्यात पट्टी घालून लांब करायचे. काही जण खांब बुडाशी कापून आत कलवायचे. मी पुढचे खांब मागं कलवले. मागची काच वळणाची, ती कापायची हिंमत नव्हती, म्हणून ती अख्खीच्या अख्खी पुढं झोपवली आणि तिच्याखाली जी जागा उघडी पडली तिथं नवा पत्रा घडवून भरला. पुढून तीन आणि मागून साडेचार हा फरक त्यातूनच आला.

कापायच्या आधी गाडीच्या आत अँगलच्या पट्ट्या आडव्या-तिरप्या मारून टाके दिले. हे माझ्या वस्तादांनी सांगितलं. तेव्हा ते काम सोडून घरी बसले होते, पण रोज संध्याकाळी शेडवर चक्कर असायची. “टप म्हंजे घराचं आढं. आढं काढलं की भिंती फाकत्यात. मग दारं लावत बस जन्मभर.” दारं आजही लागतात. प्रदर्शनात एकानं उघडून मिटलं, आवाज ऐकला मी. तिजोरीसारखा.

टप उचलायला खासबागेजवळच्या तालमीतली चार पोरं बोलावली होती. ठरलेली मजुरी दोन लिटर दूध आणि शेंगदाण्याचे लाडू. उचललं आणि अंगणात कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवलं. टप नसलेली ती गाडी उघड्या विहिरीसारखी दिसत होती. ती बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग जोड. गॅसवर एका दमात लांब शिवण मारली तर पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून एक इंच इथं, एक इंच तिथं, मध्ये ओलं गोणपाट. प्रत्येक इंच गरम असतानाच खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडी. हे नीट जमलं तर जोड पातळ होतो आणि पत्रा परत सपाट बसतो. दारांच्या काचा सपाट, त्या कापणं सोपं. पुढची मात्र मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा. काचवाल्यानं दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर हिरा फिरवला, चिरेत स्पिरिट सोडून पेटवलं. पापुद्रा मऊ झाला तसं पातळ पातं फिरवून अलग केलं. तीन तुकडे फुटले, मग दोन साधले.

आणि शिसं. मला खरं तर ह्याच्याबद्दलच लिहायचं होतं, बाकीचं ओघात आलं. आज जोडावर लांबी फासतात. डब्यातली मलई, त्यात हार्डनर, वीस मिनिटांत दगड, वर कागद घासला की झालं. ही लांबी येण्याआधी जगभर शिसंच वापरायचे. अमेरिकेतल्या कापलेल्या गाड्यांना म्हणून तिकडं ‘लेड स्लेड’ म्हणतात, शिशाची घसरगाडी. सत्तर भाग शिसं आणि तीस भाग कथील असलं की तो धातू १८३ अंशांना नरम पडतो आणि २५५ च्या आसपास पूर्ण पाणी होतो. मधल्या सत्तर अंशांत तो ना घट्ट ना पातळ, थालीपिठाच्या पिठासारखा असतो. तेवढ्या वेळात मेण लावलेल्या लाकडी फळीनं तो पत्र्यावर थापायचा, पसरायचा, वळण द्यायचं. ज्योत जरा पुढं गेली की सगळं पायावर सांडतं. माझ्या डाव्या पायावर अजून दोन खुणा आहेत.

नुसत्या पत्र्यावर शिसं धरत नाही. आधी कल्हई लागते. मासिकातला तो भाग पोरानं वाचून दाखवला तेव्हा वस्ताद पोट धरून हसले. “ह्यासाठी अमेरिकेला कशाला जायला पायजे?” पापाच्या तिकटीच्या बाजूला भांड्यांना कल्हई करणारा एक जण त्यांच्या ओळखीचा होता, त्याच्यापुढं मला दोन दिवस बसवलं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसानं पुसायचं, लख्ख. पोलादी पत्र्याला नवसागराऐवजी जस्त खाल्लेलं अॅसिड लागतं, एवढाच फरक. त्या गाडीच्या जोडांवर साधारण चौदा किलो शिसं गेलं. घासायला कानस, ग्राइंडर नाही. ग्राइंडरनं शिशाची पूड उडते आणि ती नाकातोंडावाटे रक्तात जाते. आमची मंडळी मला तसाच घरात येऊ देत नसे. अंगणात कपडे उतरवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच भाकरी. त्या वेळी मला याचा राग यायचा.

फजितीही सांगतो, नाहीतर पत्र बढाईचं व्हायचं. अॅसिड वापरलं की नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पत्रा दोन-तीनदा धुवायचा असतो. मी एकदा धुतला आणि घाई केली. ज्येष्ठात रंग मारला, श्रावणात मागच्या खांबावर फोड आले, गोवर उठल्यासारखे. सगळा रंग खरवडून परत केला, पदरच्या पैशानं. त्या पोरानं एक अक्षर बोलून दाखवलं नाही. ग्रीलला मात्र तो हटून बसला होता. त्याला डिसोटोच्या तोंडातले मोठे दात हवे होते, कारण अमेरिकेत तीच फॅशन होती. कुर्ल्याच्या भंगारात सात दात सापडले, नऊ हवे होते. दोन इथल्याच एका फौंड्रीत ओतून घेतले. प्रदर्शनातल्या गाडीला आता प्लिमथचीच ग्रील आहे, म्हणजे मधल्या कुणीतरी दात पाडले. ते नऊ दात कुठं असतील याची मला अधूनमधून आठवण येते.

आता ते ‘थोडंसं खरं’.

टप कापलं त्याच दिवशी दुपारी त्या पोराचे आजोबा शेडवर आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पांढरं धोतर, कोट, डोक्याला फेटा. गाडी बघितली. कडब्यावरचं टप बघितलं. मग एका टायरवर बसले. मला वाटलं आता शिव्या पडणार. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मेस्त्री, माझा फेटा मावंल न्हवं आत?”

मी टेप घेतली. बैठकीपासून टपापर्यंत मोजलं, तीन आणि साडेचार वजा केले. मागच्या बाकावर फेटा मावणार नव्हता. मी खोटं बोललो. म्हटलं, मावंल की.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला कळलं की ही गाडी निघाली त्या काळात तिच्या मूळ कंपनीचे, क्रायस्लरचे, प्रमुख के. टी. केलर यांचा हट्टच होता, माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत बसता आलं पाहिजे. बाकी कंपन्या गाड्या ठेंगण्या करत सुटल्या होत्या, आणि क्रायस्लरच्या प्लिमथ, डॉज, डिसोटो मात्र पेटीसारख्या उंच राहिल्या. लोकांनी नावं ठेवली. पुढं १९५५ साली व्हर्जिल एक्सनरनं नवी ठेवण आणली तेव्हा कुठं त्या गाड्यांचा अवतार पालटला. म्हणजे डेट्रॉईटमधल्या एका माणसानं हॅटसाठी राखलेली जागा कोल्हापूरच्या फेट्याला बरोबर बसत होती, आणि ती जागा मी कापून काढली. आजोबांनी गाडी त्या उंचीसाठी घेतली होती का, ते मी कधी विचारलं नाही. पोरानं पुढं सांगितलं की ते एकदाच बसले, पुढच्या सीटवर, फेटा मांडीवर घेऊन. परत बसले नाहीत.

हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या बातमीनं सांगायला लावलं.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेपेक्षा वेगळी अशी गाडी परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली, अशी असली तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी. म्हणजे ‘मूळ रूपात’ हे शब्द आता नुसते कौतुकाचे राहिलेले नाहीत, त्यांना कागदावर किंमत आहे. एवढ्याचसाठी मी या पत्रात गाडीचा नंबर लिहिलेला नाही आणि मालकाचं नावही विचारलेलं नाही. त्यांना बहुधा खरंच माहीत नसावं. गाडी १९९० नंतर दोन-तीनदा विकली गेली असं कानावर आहे, आणि विकणारा कशाला सांगतोय? चांगलं उतरवलेलं टप ओळखूच येत नाही. कुणाला कळलं नाही याचा मला अभिमान वाटावा की वाईट, हे अजून ठरत नाही.

कायद्याशी लपाछपी तिकडंही झाली. कॅलिफोर्नियात १९५८ साली नियम आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. लवकरच रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पोलिस गेला की खाली. आमच्याकडं १९८४ साली बटणाची गरज पडली नाही. टप मोजायला कुणी आलंच नाही.

आणि एक. हे छापून आलं की मला फोन येणार, ‘काका, आमची पण कापून द्या’. आधीही येत होते. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं. तिकडं लाखांनी गाड्या निघाल्या, एक कापली तर हजार उरल्या. आपल्याकडं मुंबईत जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही त्याच सुमारास गेली, आणि उरलेल्या अमेरिकन गाड्यांत लोकांनी डिझेलची इंजिनं घालून टॅक्सीला पिळून काढल्या. धड राहिलेली गाडी आता बोटावर मोजावी लागते. तिला करवत लावू नका. कुजून गेलेली, मागचे खांब नसलेली एखादी सापडली तर या, बोलू. हात थरथरतात आता, पण कागदावर टप कसं सरकवायचं ते दाखवीन. ती प्लिमथही तेव्हा धडच होती. मी कापली. परत तो दिवस आला तर कापीन का, हे माझं मला सांगता येत नाही. आधी फेटा मोजीन, एवढं नक्की.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती की पुढच्या वेळी पाटी बदलावी. ‘मूळ’ गाड्यांची एक रांग आणि ‘घडवलेल्या’ गाड्यांची दुसरी. अमेरिकेत अशा घडवलेल्या गाड्यांची स्वतंत्र प्रदर्शनं १९५० च्या सुमारापासून भरतात, डेट्रॉईटला तर त्यांच्यासाठी १९६४ पासून मानाचा रिडलर पुरस्कार आहे. आमच्या प्लिमथला पुरस्कार नको. तिच्यापुढं पाटीवर एवढं लिहा, ‘१९५० प्लिमथ. जोडणी कुर्ला. टप उतरवलं, कोल्हापूर, १९८४.’

पत्र लांबलं, पण लांबी भरलेली नाही. जिथं टिचकी माराल तिथं पत्राच लागेल.

पुढच्या आणि मधल्या खांबांतून कापलेले ते तीन-साडेतीन इंचांचे चार तुकडे अजून माझ्याकडं आहेत, मूळचा रंग असलेले. एक लाइट बिलांवर वजन म्हणून आहे, बाकीचे डब्यात. मालकांना हवं तर गाडीशेजारी मांडायला देईन. दोन दिवसांसाठी. परत पाहिजेत.

आपला,
एक पत्रेवाला मेस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर